तिसरीच्या डावीकडे

पिसांच्या टोपांचं खोकं सांभाळायचं काम नेहमी सगळ्यांत नवीन मुलीकडे असे, आणि त्या डिसेंबरात सगळ्यांत नवीन रिम्मा होती. खोकं म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. बुटांचं जुनं पुठ्ठ्याचं खोकं, त्याला सुतळी, आत पातळ कागदात गुंडाळलेले चार पांढरे टोप. प्रत्येक टोपाच्या आतल्या पट्टीवर शाईनं एकेक नाव : झोया, इंगा, रिम्मा, तोमा. रिम्माच्या नावाखाली आधीच्या मुलीचं खोडलेलं नाव अजून वाचता यायचं. त्या मुलीला उंचीनं दगा दिला होता. विसाव्या वर्षी ती दोन बोटं वाढली, आणि बॅलेतल्या हंसपिल्लांच्या नाचातून तिला काढलं.

त्या नाचात चारही मुली बुटक्या लागतात, आणि सारख्या बुटक्या लागतात. हातात हात गुंफून चौघींनी आडव्या ओळीत यायचं, पाय एका वेळी, माना एका वेळी, आणि दीड मिनिटात निघून जायचं. बाकीच्या हंसांना निदान रडायला-मरायला मिळतं. पिल्लांना तेवढंही नाही.

खोकं छातीशी धरून रिम्मा रविवारी सकाळी आठ वाजता नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभी होती. नदी कधीच गोठली होती. उजाडायला अजून दीड तास होता, आणि दिव्याखाली बर्फ असा बारीक भुरभुरत होता, जणू वर कोणी पीठ चाळतंय. दोन तासांवरच्या कारखान्याच्या गावी दुपारी बाराचा खेळ होता, तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी. बस धूर सोडत थांबली होती. सगळे चढले होते. तोमा तेवढी आली नव्हती.

"झोपली असणार," झोया खिडकीतून म्हणाली. झोया ओळीत पहिली. अकरा वर्षं ती पिल्लूच होती आणि स्वतःला 'कोंबडी' म्हणवून घ्यायची. "अगं, आत ये. तिथे उभी राहिलीस तर टोप राहतील, तू गळून पडशील."

रिम्मा आत आली नाही. खोक्यावर तिचं जरा जास्तच अवलंबून होतं म्हणा ना. तिची उमेदवारीची मुदत नव्या वर्षाला संपत होती. ठेवलं तर कायमची नोकरी, आणि नोकरीबरोबर नाट्यगृहाच्या वसतिगृहात एक खोली. बारा चौरस मीटरची, स्वतःच्या दाराची. नाही ठेवलं तर सहाशे किलोमीटरवरच्या एका छोट्या मंडळीत जागा होती, आणि नवऱ्यानं, गेनानं, इथेच ट्रामच्या आगारातल्या नोकरीवर राहायचं. लग्नाला तीन महिने झाले होते. सध्या दोघं सासूबाईंच्या एकुलत्या एक खोलीत एका कपाटामागे राहत होती. कपाटापलीकडे सासूबाई कुशीवर वळल्या की अलीकडे गेना श्वास रोखून धरायचा. असा संसार फार दिवस चालत नाही.

सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या. ऑक्टोबरात त्या सुनेचा नाच बघायला आल्या होत्या, केसांना कलप वगैरे लावून. घरी परतल्यावर म्हणाल्या, "छान झालं हो. मी सबंध वेळ त्या पहिलीकडे बघत होते. ती तूच ना?"

"मी तिसरी होते, आई."

"अस्सं?" सासूबाईंनी बूट काढले. "मग त्या पहिलीला सांग, माझ्या टाळ्या परत कर म्हणावं."

गंमत अशी की सासूबाईंना जी दिसली नाही, ती तालीम घेणाऱ्या बाईंना मात्र सारखी दिसायची. अवगुस्ता ल्वोव्ना सत्तरीच्या होत्या. हातात काठी होती, पण चालायला नव्हे, ताल द्यायला. त्यांची रिम्माबद्दल एकच तक्रार होती.

"तू दिसतेस," त्या म्हणायच्या. "पाय छान आहेत तुझे. पण मान वळताना केसभर उशीर होतो आणि तू दिसतेस. चौघींत कुठलीही एक वेगळी दिसली की संपलं. दिसू नकोस, मुली. एवढंच कर."

हे एवढंच रिम्माला जमत नव्हतं.

सव्वाआठला अवगुस्ता ल्वोव्ना पहारेकऱ्याच्या खोलीतून फोन करून आल्या. पहाटे तोमाच्या पोटात कळ आली होती. रुग्णवाहिकेनं नेलं होतं, अपेंडिक्स होतं, एव्हाना टेबलावर असेल. बदली मुलगी नव्हती, बुटक्या मुली सगळ्या इथल्या संध्याकाळच्या खेळात होत्या.

"तिघी नाचाल," अवगुस्ता ल्वोव्ना म्हणाल्या. "चला."

वाटेत त्यांनी तिघींना मागच्या बाकावर बसवून हात नव्यानं बांधून दाखवले. चौघींच्या ओळीत प्रत्येकीचा हात शेजारणीच्या पोटापुढून जाऊन पलीकडचीचा हात धरतो, टोपलीच्या विणीसारखा. फक्त टोकांना शेजारणीचाच हात मिळतो. रिम्मा तिसरी. तिचा डावा हात रोज बाहेर जायचा, चौथ्या जागेवरच्या तोमाच्या पुढ्यात, आणि तोमाचा डावा हात धरायचा. आता तोमा नाही, म्हणजे रिम्माच टोकाला. तिनं डावा हात बाहेर काढायचाच नाही. स्वतःच्या पोटासमोर ठेवायचा आणि दुसरीला, इंगाला द्यायचा.

"कळलं?"

"कळलं, अवगुस्ता ल्वोव्ना."

"तुला कळून काय उपयोग? हाताला सांग."

रिम्मानं वाटभर हाताला सांगितलं.

कारखान्याच्या सभागृहाची रंगपटाची खोली लांबट आणि गार होती. ओल्या रंगाचा वास येत होता, आणि त्याखाली कुठून तरी उकडलेल्या कोबीचा. एक भिंतभर आरसा होता, पण त्याचा पारा उडालेला, त्यामुळे चेहरे ठिकठिकाणी खाल्ल्यासारखे दिसत. तिघींनी माना-खांदे पांढरे केले. रिम्मानं बोटातली अंगठी काढून सेफ्टी पिनेनं आतल्या कपड्याला लावली. त्या नाचात अंगठी चालत नाही, गुंफलेली बोटं सोलून निघतात. मग तिनं खोकं उघडलं आणि तीन टोप काढले. तोमाचा टोप तसाच कागदात ठेवला, झाकण लावलं आणि सुतळीला दोन गाठी मारल्या. एक साधी आणि एक वरून. हे तिला पुढे नीट आठवणार होतं.

विंगेत अंधार होता. पाय घसरू नयेत म्हणून राळेच्या पेटीत बुटांची टोकं घासताना करकर आवाज झाला, तेवढाच. पडद्यापलीकडे बाराशे मुलं कागद चुरगाळत होती. ओळ विंगेतच बांधायची असते, अंधारात, एकमेकींकडे न बघता. आधी हात, मग एक श्वास सगळ्यांचा मिळून, आणि दुसऱ्या श्वासाला बाहेर.

झोयाचा हात उजव्या बाजूनं आला. रिम्मानं तो धरला. ध्वनिफितीची खरखर सुरू झाली. श्वास घेतला...

आणि डावा हात बाहेर गेला.

सवयीनं गेला. सांगून-सांगून शेवटी हातानं जे करायचं तेच केलं. रिम्माच्या लक्षात आलं, पण तोवर पाय निघाले होते, प्रकाश डोळ्यांवर आला होता, आणि मधे हात सोडवून परत बांधणं म्हणजे बाराशे मुलांसमोर नापास होणं. आता हा हात असा रिकामा लटकत राहणार, दीड मिनिट, मोडक्या पंखासारखा. गेली खोली. गेलं दार.

चौथ्या पावलाला तिचा तो हात कोणी तरी धरला.

रिम्माला भीती वाटली नाही. पुढे अनेकदा तिनं आठवून पाहिलं, तर खरंच वाटली नव्हती. तिला राग आला होता. तोमा, आलीस तर सांगायचं नाही का? असंच काहीतरी मनात आलं, मग हायसं वाटलं, आणि मग फक्त पाय. या नाचात विचाराला जागा नसते. हात थंड होता, राळेनं किंचित चिकट, आणि इतका ओळखीचा की त्याच्याकडे लक्षच जाऊ नये. आपलाच उजवा हात आपल्या डाव्यानं धरावा, तसा.

मग माना वळायला लागल्या.

हंसपिल्लांना एकमेकींचे चेहरे कधीच दिसत नाहीत. माना सगळ्यांच्या एकाच बाजूला वळतात, त्यामुळे दिसते ती फक्त शेजारणीची मान, मागून. उजवीकडे वळलं की रिम्माला इंगाची मान दिसे. डावीकडे वळलं की तोमाची. तोमाची मान ती अंधारातही ओळखली असती. केसांखाली तपकिरी तीळ, आणि कितीही पाणी लावलं तरी सुटून येणारी एक बट.

डावीकडे वळल्यावर तिथे मान होती. पण तीळ नव्हता. बट नव्हती. केस घट्ट वर बांधलेले होते, आणि केसांच्या रेषेखाली, डाव्या अंगाला, पावडरीतूनही उठून दिसणारा एक छोटा पांढरा व्रण होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

उजवीकडे. इंगा.

डावीकडे. तांदळाचा दाणा.

उजवीकडे... डावीकडे... प्रत्येक वेळी रिम्माला वाटे, आता तिथे पडद्याचा काळोख दिसेल. प्रत्येक वेळी ती मान तिथे असे, बरोबर तितकीच वळलेली, तिच्याच तालावर. उशीर नाही, घाई नाही. रिम्माच्या लक्षात आलं की आज तिची स्वतःचीही मान अजिबात मागे पडत नाहीये.

शेवटचा सूर आला. हात सुटले. गुडघा टेकला. टाळ्यांचा भडका उडाला, प्रकाश विझला आणि सगळ्या धावत विंगेत आल्या.

रिम्मा वळली. झोया धापा टाकत होती. इंगा बुटाची नाडी बघत होती. आणखी कोणी नव्हतं.

"तोमा कुठे गेली?" रिम्मानं विचारलं.

"तोमाच्या पोटात सुरी आहे या घटकेला," झोया म्हणाली. "पाणी दे."

रंगपटाच्या खोलीत कारखान्याच्या समितीची एक बाई वाट बघत होती. अंगानं भरलेली, कोटावर लाल पट्टी, हातात संत्र्यांच्या कागदी पिशव्या. डिसेंबरात संत्री म्हणजे मोठीच भेट.

"पिल्लांसाठी," ती म्हणाली. "चौघींना चार."

"आम्ही तिघीच आहोत," इंगा म्हणाली.

"कशाला थट्टा करता, मुलींनो? मी मोजल्यात."

"बाई, आमची एक आजारी आहे. आम्ही तिघी नाचलो."

समितीच्या बाईनं आधी इंगाकडे बघितलं, मग झोयाकडे. "वीस वर्षं मी या दारात उभी राहून माणसं मोजते," ती म्हणाली. "एका वेळी बाराशे पोरं मोजते, तीसुद्धा पळणारी. मला चार हंस मोजता येत नाहीत?" तिनं चौथी पिशवी टेबलावर जरा जोरातच ठेवली. "न्हाणीघरात असेल. आली की द्या."

झोया हसली. "बरं झालं. चौथीची मी खाते."

टोप गोळा करून ठेवायचे होते, ते तिचं काम. खोक्याच्या सुतळीला दोन्ही गाठी होत्या. एक साधी, एक वरून. ती सोडवायला नखं लागली. तोमाचा टोप कागदात होता, तिनं ठेवला होता तसाच. तिनं तो उचलला, आणि आतली पट्टी तिच्या बोटांना ओली लागली. घामानं ओली. अजून कोमट होती.

तिनं टोप परत ठेवला. झाकण लावलं. कोणाला सांगायचं, आणि नक्की काय सांगायचं?

परतीच्या बसमध्ये अवगुस्ता ल्वोव्ना मुद्दाम मागे येऊन तिच्या शेजारी बसल्या. तीनच वाजले होते, आणि बाहेर पुन्हा अंधारून आलं होतं.

"विंगेतून बघणाऱ्याला चांगली ओळ म्हणजे एकच बाई दिसते," त्या म्हणाल्या. "एक नाक, एक हनुवटी, एक पाय. मला आज एकच दिसली. चाळीस वर्षांत असं तीनदा-चारदा झालंय." काठी त्यांनी रिम्माच्या पायावर हलकेच आपटली. "उद्या मी कागद पाठवते. जागा तुझी."

"अवगुस्ता ल्वोव्ना, माझा हात चुकला होता. मी डावा हात..."

"मला दिसला नाही," म्हातारी म्हणाली, आणि विषय संपला.

ती पुढे गेल्यावर रिम्मा इंगाकडे सरकली. इंगा दुसरी. शांत मुलगी होती, दोन लेकरांची आई, खोटं बोलायला तिला वेळच नसे.

"इंगा, तुझा डावा हात कोणी धरला होता?"

"तूच की. कोण धरणार?"

"माझा डावा हात बाहेर होता. शपथेवर सांगते. मी विसरले. तो बाहेरच होता शेवटपर्यंत."

इंगानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग आपल्या डाव्या पंजाकडे. तिनं बोटं मिटली, उघडली. "तुझ्या पोटासमोर माझ्या हातात एक हात होता," ती सावकाश म्हणाली. "फक्त... अंगठा उलट्या बाजूला होता. मला वाटलं, हिनं हात वाकडा दिला. डाव्याच्या जागी उजवा असला की लागतो ना, तसा."

इंगानं तो पंजा मांडीखाली दडवला.

"उपाशीपोटी नाचलं की मलाही दोन-दोन इंगा दिसतात," झोया पुढच्या बाकावरून म्हणाली. तिच्या हातात चौथ्या पिशवीतलं संत्रं होतं. पण ते तिनं सोललं नव्हतं. नुसतं धरून बसली होती.

घरी मात्र त्या दिवशी सण झाला. सासूबाईंनी फ्लॉवरपॉटमागे लपवलेली चेरीची दारू काढली, कणकेत खिमा भरून मोदकांसारखे उकडले, आणि तीनदा विचारलं, "बारा मीटर? खिडकी आहे ना?" गेनानं तिला उचलून कपाटाला एक चक्कर मारली. सासूबाई म्हणाल्या, "जरा दमानं, कपाट माझं आहे." रिम्मा हसली. तिला खरंच आनंद झाला होता. आनंदाच्या आत कुठेतरी ती कोमट ओली पट्टी होती, एवढंच.

कपाटामागे आडवी झाल्यावर तिनं गेनाला सगळं सांगितलं, कुजबुजत. हात, संत्री, टोप. त्यानं ऐकून घेतलं. गेना यंत्रातला माणूस, ट्राम बंद का पडली याला त्याच्याकडे नेहमी कारण असे.

"मेंदूला सवय असते," तो म्हणाला. "तोमा रोज तिथे असते, म्हणून तुला भास झाला."

"तोमाचा भास झाला असता तर तोमाची मान दिसली असती. ती तोमाची नव्हती. तिला इथे, केसांखाली, एक पांढरा व्रण होता. तांदळाएवढा."

गेना हसायला लागला. उशीत तोंड खुपसून हसला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"काय झालं?"

"अगं वेडे, तो तुझाच आहे!"

"माझा?"

"तुझ्या मानेवर आहे तो. लहानपणी कांजिण्यांत खाजवला असशील. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पाहिला मी. तुला माहीत नाही?"

रिम्माला माहीत नव्हतं. आपली मान मागून कोण बघतं? आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. नंतर तिच्या मानेकडे कोणी इतक्या जवळून बघितलंच नव्हतं.

"थांब, दाखवतो. बोट लावून दाखवतो." त्यानं तिचे केस वर उचलले. त्याचं बोट गरम होतं. ते तिच्या डाव्या कानामागून खाली आलं, केसांच्या रेषेपाशी थांबलं, थोडं पुढे गेलं, परत मागे आलं.

मग ते थांबलं.

"गेना?"

"इथेच होता..." त्यानं काडी पेटवली. काडी विझेपर्यंत तो बघत होता. दुसरी पेटवली. उजव्या बाजूलाही बघितलं. कपाटापलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आग लावा घराला आता."

"गेला असेल," गेना शेवटी म्हणाला. "भरून आला असेल. लग्नानंतर बायको बदलते म्हणतात, पण इतक्या लवकर?" तो हसला, पण या वेळी उशी लागली नाही.

रिम्मा भिंतीकडे तोंड करून पडली. तो व्रण तिचा असेल, तर डावीकडे चौथ्या जागेवर नाचत होती ती रिम्मा. मग तिसऱ्या जागेवरून, मागून तिची मान बघत होती ती कोण? आणि बघितल्याचं आठवतंय ते कोणाला? तिनं बोटं मोजली. दहा भरली. उगाच मोजली असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी दांड्याशी उभं राहून पाय ताणताना तिनं इंगाला विचारलं, "माझ्या मानेवर काही आहे का गं? मागे?"

"तो पांढरा डाग ना? आहे की. रोज बघते मी तो. पावडरीनं झाकत का नाहीस, असं कितीदा म्हणणार होते." इंगानं पाय बदलला. "कारखान्यात नव्हता मात्र. मला वाटलं, झाकलास एकदाचा."

"आत्ता बघ."

"आत्ता केस सोडलेत तू. आणि बाई बघतायत. पाय वर."

कागद आला. खोली मिळाली, खिडकीसकट. गेनानं दाराला नवी कडी लावली, आणि रिम्मा पहिले दोन दिवस उगाचच ते दार उघड-बंद करत राहिली. गेनानं व्रणाचा विषय पुन्हा काढला नाही. पण कधी कधी झोपेत असताना तिला मानेवर गार हवा लागे, आणि डोळे न उघडता तिला कळे की तो तिचे केस उचलून बघतोय.

जानेवारीच्या शेवटी तोमा परतली, फिकट, आणि जास्तच बडबडी. आतड्याचा तो तुकडा बाटलीत घालून दाखवला म्हणे डॉक्टरनं. रविवारी दुपारी घरच्या रंगमंचावर खेळ होता. चारही टोपांत चार डोकी. रिम्मानं विंगेत ओळ बांधताना हात मनात मोजले. झोयाचा उजव्या हातात. तोमाचा डाव्या हातात, गरम, घामट, अंगठा जिथे हवा तिथे. रिम्माला रडू येईल इतकं बरं वाटलं.

नाच झाला. डावीकडे वळलं की तपकिरी तीळ होता आणि सुटलेली बट. प्रत्येक वेळी होती. मान एकदाही मागे पडली नाही. टाळ्या इतक्या आल्या की ओळीला परत बाहेर जाऊन वाकावं लागलं, आणि नंतर अंधारात सगळ्या पांगल्या.

रिम्मा जवळजवळ पळतच रंगपटात आली आणि तिसऱ्या आरशासमोरच्या खुर्चीत बसली. ती तिची खुर्ची. आता पाठीवर तिचं नाव रंगवलेलं होतं. झोया कोपऱ्यात आधीच पाय वर करून चहा फुंकत होती. मागोमाग इंगा आली.

"छान झाला," इंगा म्हणाली. "आणि तो तुझा डाग परत दिसला बरं का आज. चांगला ठसठशीत. झाक गं बाई एकदा."

रिम्मानं टोप काढून समोर ठेवला. आरशात तिला स्वतःचा पांढरा चेहरा दिसत होता आणि त्यामागे इंगाचा.

"दाखव," ती म्हणाली. "बोट ठेव त्याच्यावर."

"आता कशाला..."

"ठेव ना, इंगा."

इंगानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, तिच्या मानेवरची पावडर पुसली आणि बोट ठेवलं. बोट थोडं सरकलं. मग आणखी थोडं. इंगाच्या कपाळाला आठी पडली. तिनं बोळा पुन्हा फिरवला, या वेळी जोरात.

"आत्ता होता," ती पुटपुटली. "दोन मिनिटं झाली नाहीत..."

दार ढकलून तोमा आत आली. उजव्या हातानं डावा पंजा चोळत होती. "काय थंड हात आहेत गं तुझे, रिम्मा! आणि ही काय पद्धत? सगळ्या निघून गेल्या तरी तू आपली माझा हात धरून विंगेत उभी. सोडतच..."

ती थांबली. रिम्माकडे बघत राहिली. मग टेबलावरच्या टोपाकडे.

"तू इथे कशी?" तोमा म्हणाली. "मी आत्ता तुला तिथे सोडून आले. तू म्हणालीस, तू हो पुढे, मी आलेच."

झोयानं कप खाली ठेवला. खोलीत चौघी होत्या. बाहेरच्या लांब लाकडी बोळातून नाचाच्या कडक बुटांचा आवाज येत होता... टक्, टक्, टक्... सावकाश, अगदी तालात, कुठेही केसभर उशीर नाही.

रिम्मानं खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.